शिकविणाऱ्याचे शिक्षण आणि सरकारी अनुदान

धंदेशिक्षणाची चर्चा आपल्याकडे निघाली म्हणजे ती बहुधा दोन गोष्टींभोवती फिरते. मुलांनी कारकुनीचा मोह सोडून हातांनी काम करण्याकडे वळावे, ही एक. आणि सरकारने त्यासाठी इमारती व यंत्रे द्यावीत, ही दुसरी. पहिल्या गोष्टीवर भाषणे होतात, दुसरीवर पैसा खर्च होतो. या दोहोंच्या मध्ये एक माणूस उभा असतो, त्याच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. कार्यशाळेत वीस-चोवीस मुलांपुढे उभे राहून कानस कशी धरावी, वेल्डिंगची ठिणगी कशी सांभाळावी, हे सांगणारा तो शिक्षक. सरकारी कागदावर त्याला शिल्प निदेशक म्हणतात. मुले त्याला नुसते ‘सर’ म्हणतात. या सरांना कोणी शिकविले, आणि त्या शिकवणीचा खर्च कोणी केला, हा आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

विषय रुक्ष वाटेल. अनुदान, तरतूद, खर्चाचे शीर्षक हे शब्द ऐकून झोप यावी, असेच आहेत. परंतु ज्याच्या घरचा मुलगा दोन वर्षे आयटीआयमध्ये घालवून परत येतो आणि कारखान्याच्या दारात त्याला ‘तुला काही येत नाही’ असे ऐकावे लागते, त्याला हा विषय रुक्ष वाटणार नाही. गरीब घरातली ती दोन वर्षे फार महाग असतात.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्याला काम येते त्याला ते शिकविताही येते, असे आपण सहज धरून चालतो. फिटरचे उदाहरण घ्या. (याही कारागिराला सरकारने ‘जोडारी’ असे सुंदर नाव दिले आहे, ते वापरणारा माणूस आम्हांला अजून भेटावयाचा आहे.) फिटरच्या विद्यार्थ्याला पहिल्या काही आठवड्यांत लोखंडाचा तुकडा कानशीने सपाट करावयास देतात. नवशिक्या मुलाने घासलेला तुकडा सपाट होत नाही. मधे उंच आणि कडांना उतरता होतो. तो तासन्‌तास घासतो, घाम गाळतो, आणि गुण्या लावून पाहावे तो उजेड दोन्ही कडांखालून दिसतो. असे का होते? कानस पुढे जाताना ती झुलते म्हणून. घासण्याच्या आरंभी पुढच्या हाताचा दाब अधिक हवा, कानस पुढे सरकत जाईल तसा तो कमी होत मागच्या हाताचा दाब वाढला पाहिजे. तरच कानस पातळीत राहते. मुरलेला कारागीर हे दर खेपेला करतो. परंतु आपण ते करतो हे त्याला माहीतच नसते. मुलाने विचारले तर तो म्हणतो, ‘हात बसला की येईल.’ हे उत्तर खोटे नव्हे. पण ते शिकवणे नव्हे. ज्या मुलाचा हात बसत नाही तो आपण या कामाला लायक नाही असे समजतो, आणि त्याला तसे समजू देणारा शिक्षक अडाणी नसतो, फक्त अशिक्षित असतो. अडाणी आणि अशिक्षित यांतला फरक एरवी आपण उलट बाजूने करतो, हे आमच्या ध्यानात आहे.

आता याच्या उलट टोक पाहू. पदविका किंवा पदवी घेतलेला तरुण निदेशक होतो. त्याला दाबाचा हा सिद्धान्त फळ्यावर आकृती काढून समजावता येतो. पण त्याच्या हातून घासलेला तुकडाही मधे उंचच असतो. मुले हे पहिल्या दिवशी ओळखतात. कार्यशाळेतला मान तोंडाने मिळत नाही.

तेव्हा या शिक्षकाला दोन शिक्षणे हवीत: एक धंद्याचे, जे धंद्यातच मिळते, आणि दुसरे शिकविण्याचे, जे धंद्यात मिळत नाही. साध्या शाळेच्या मास्तराला एकच चालते. म्हणूनच धंदेशिक्षणाचा शिक्षक तयार करणे महाग पडते, आणि म्हणूनच तिथे अनुदानाचा प्रश्न येतो.

हा प्रश्न ज्या देशाने कायद्याच्या भाषेत अगदी नेमका मांडला तो देश म्हणजे अमेरिकेची संयुक्त संस्थाने. तिथली हकीगत थोडी विस्ताराने सांगावी लागेल. कारण आपल्याकडे आज जे घडत आहे ते समजण्यास ती उपयोगी पडते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत कारखाने झपाट्याने वाढत होते, परंतु कुशल कारागीर पुष्कळसे युरोपातून येत. माध्यमिक शाळा मुलांना कॉलेजच्या वाटेवर तयार करीत, आणि बहुसंख्य मुले त्या वाटेने जातच नसत. १९१४ साली तिथल्या काँग्रेसने या प्रश्नासाठी एक आयोग नेमला. त्याच्या शिफारशींवरून तयार झालेला कायदा जॉर्जिया राज्याचे सिनेटर होक स्मिथ व प्रतिनिधी डडली ह्यूजेस यांच्या नावाने ओळखला जातो. २३ फेब्रुवारी १९१७ रोजी अध्यक्ष विल्सन यांनी त्यावर सही केली. शिक्षण हा तिथे राज्यांचा विषय. केंद्राने त्यात पैसा घालणे हीच मोठी गोष्ट होती. पण आमच्या दृष्टीने खरी मौज पैशाच्या रकमेत नाही, पैशाला लावलेल्या अटींत आहे.

या कायद्याने पैशाच्या तीन थैल्या केल्या. एक शेती शिकविणाऱ्या शिक्षकांच्या पगारासाठी. दुसरी कारागिरी, उद्योग व गृहविज्ञान यांच्या शिक्षकांच्या पगारासाठी. आणि तिसरी या सर्व शिक्षकांना तयार करण्यासाठी. पहिल्या दोन थैल्या प्रत्येकी ५ लक्ष डॉलरांपासून सुरू होऊन वाढत वाढत वर्षाला ३० लक्षांपर्यंत जावयाच्या होत्या. तिसरीही ५ लक्षांनी सुरू झाली. पण ती तीन वर्षांतच १० लक्षांवर पोचून तिथे स्थिर व्हावयाची होती. म्हणजे शिक्षकांच्या तयारीचा पैसा आधी भरावयाचा आणि पगाराचा नंतर हळूहळू वाढवावयाचा, असा हा हिशेब. आधी विहीर खणावी, मग मोट बांधावी, हे शहाणपण कायदे करणाऱ्यांना क्वचितच सुचते.

प्रत्येक डॉलरमागे राज्याने किंवा स्थानिक संस्थेने एक डॉलर घातला पाहिजे, ही अट होतीच. परंतु तिच्याहून महत्त्वाची अट अशी की ३० जून १९२० नंतर ज्या राज्याने शिक्षकांच्या तयारीसाठी ठरलेली किमान रक्कम वापरलेली नसेल, त्याला पगाराच्या थैलीतला पैसाही मिळणार नाही. पगार हवा असेल तर आधी शिक्षक घडवा! आणि घडवावयाचे ते तरी कोणाला? कायद्याने सांगितले की ज्याला त्या धंद्याचा पुरेसा अनुभव आहे, किंवा जो शिकता शिकता तो अनुभव घेत आहे, त्यालाच या पैशातून शिक्षकाचे शिक्षण द्यावे. नुसत्या पुस्तकी उमेदवाराला दार बंद. शिवाय तयारीच्या या पैशापैकी शेती, कारागिरी-उद्योग व गृहविज्ञान यांपैकी कोणत्याही एका शाखेवर शेकडा ६० पेक्षा जास्त किंवा शेकडा २० पेक्षा कमी खर्च करता येत नसे. शेतीप्रधान राज्य म्हणून सारा पैसा शेतीकडे वळला, असे होऊ नये यासाठी ही कुंपणे.

आणि शेवटची अट, जी आमच्या मते सर्वांत शहाणी होय: यांतला एकही पैसा इमारत बांधण्यास किंवा दुरुस्त करण्यास, उपकरणे घेण्यास, जमीन विकत वा भाड्याने घेण्यास वापरता येणार नाही. भिंती आणि यंत्रे स्थानिक लोकांनी आपल्या पैशाने उभी करावीत. केंद्राचा पैसा माणसासाठी.

असे का करावे लागले? कारण अनुदानाचा स्वभावच असा की ते दिसणाऱ्या वस्तूकडे वाहते. यंत्र आले की त्याला हार घालता येतो, फोटो काढता येतो, जडवस्तूंच्या नोंदवहीत क्रमांक देता येतो. शिक्षक सहा महिने शिकून परत आला तर कशाला हार घालावयाचा? तो गेला होता तसाच परत आलेला दिसतो. शिवाय यंत्राची खरेदी मार्चअखेरच्या आठवड्यात उरकता येते. माणूस मार्चअखेरच्या आठवड्यात घडविता येत नाही. संगणकावर चालणारे महागडे लेथ यावे आणि ते चालविणारा निदेशक नसल्याने त्याच्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण तसेच राहावे, हा प्रकार ज्यांनी पाहिला असेल त्यांना अधिक सांगावयास नको.

अटी घातल्या म्हणजे सगळे सुरळीत झाले, असे मात्र समजू नये. जिथे अट नव्हती तिथे पैसा गेला नाही. दक्षिणेतल्या राज्यांत त्या काळी गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या होत्या, वाटप राज्यांच्या मंडळांकडे होते, आणि कृष्णवर्णीय मुलांच्या व शिक्षकांच्या वाट्याला त्यांच्या संख्येच्या मानाने फार थोडे आले. गृहविज्ञानासाठी शेकडा २० ची अट लिहिलेली असल्याने स्त्री-शिक्षकांना निदान तेवढे मिळाले. कृष्णवर्णीयांसाठी तशी ओळ कायद्यात नव्हती.

त्याच काळात शिक्षकाने काय शिकावे याचाही विचार पुढे सरकला. चार्ल्स अॅलन नावाच्या गृहस्थांनी पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीच्या गोद्यांत नवे कामगार शिकविण्यासाठी तिथल्याच मुरलेल्या कारागिरांना शिक्षक बनविले. त्यांची रीत चार पायऱ्यांची होती: आधी शिकणाऱ्याचे मन तयार करणे, मग काम करून दाखविणे, मग त्याच्या हातून करवून घेणे, आणि शेवटी त्याला एकट्याला सोडून परीक्षा पाहणे. ऐकताना यात विशेष काय, असे वाटते. विशेष हे की करून दाखविण्यापूर्वी कारागिराला आपले काम टप्प्याटप्प्यांत तोडून कागदावर मांडावे लागे, आणि प्रत्येक टप्प्यात कोठे हात चुकतो ते नमूद करावे लागे. कानशीच्या दाबाची जी गोष्ट आम्ही वर सांगितली, ती कारागिराला स्वतःला प्रथम कळते ती असे लिहिताना. दुसऱ्या महायुद्धात याच रीतीवरून कारखान्यातल्या मुकादमांसाठी एक छोटा अभ्यासक्रम निघाला: दोन-दोन तासांच्या पाच बैठका, त्यांत प्रत्येकाने आपल्याच कामातला एक धडा इतरांसमोर देऊन दाखवावयाचा. दहा तासांत माणूस शिक्षक होतो, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ‘हात बसला की येईल’ हे उत्तर मात्र त्याच्या तोंडून जाते.

स्मिथ-ह्यूजेस कायदा १९९७ साली रद्द झाला. पण त्याआधीच त्याचे काम पुढच्या कायद्यांनी उचलले होते. १९६३ चा व्यवसायशिक्षण कायदा, आणि १९८४ पासून केंटकीचे प्रतिनिधी कार्ल पर्किन्स यांच्या नावाचा कायदा, हे त्यांतले मुख्य. पर्किन्स कायद्याची आजची आवृत्ती २०१८ ची आहे. अलीकडच्या वर्षांत तिच्याखाली सुमारे १४० कोटी डॉलर दरसाल राज्यांना मिळत आले आहेत. त्यांपैकी किमान शेकडा ८५ भाग शाळा व महाविद्यालयांपर्यंत पोचलाच पाहिजे. राज्याने स्वतःच्या पातळीवर फार तर शेकडा १० भाग ठेवावा आणि त्यातून इतर गोष्टींबरोबर शिक्षक मिळविणे व घडविणे हे काम करावे, असा दंडक आहे.

या कायद्यात आता यंत्रांना मनाई नाही, आणि तेथेही शिक्षकाचा वाटा यंत्रांशी झगडूनच मिळवावा लागतो. तथापि त्यात दोन-तीन गोष्टी अशा आहेत की त्यांकडे आपण लक्ष द्यावे. शिक्षकांचे शिक्षण म्हणजे काय याची व्याख्याच कायद्यात दिली आहे, आणि तीत म्हटले आहे की एक दिवसाची किंवा सुटी-सुटी अल्पकाळची शिबिरे त्यात धरली जाणार नाहीत. शिक्षण सलग हवे, सखोल हवे आणि प्रत्यक्ष कामाशी जोडलेले हवे. सकाळी उद्‌घाटन, दुपारी जेवण आणि संध्याकाळी प्रमाणपत्र, या परंपरेवर हा सरळ घाव आहे. दुसरे असे की पैसा मागणाऱ्या संस्थेने दर दोन वर्षांनी आपल्या गरजांची पाहणी केली पाहिजे, त्या पाहणीत शिक्षक कसे मिळवू, कसे टिकवू व कसे शिकवू याचा विचार केला पाहिजे, आणि ती पाहणी उद्योजक, पालक व विद्यार्थी यांना विचारून केली पाहिजे. तिसरी अट हिशेबाची: हा पैसा राज्याच्या व स्थानिक पैशात भर घालण्यासाठी आहे, त्याची जागा घेण्यासाठी नव्हे. केंद्राचा पैसा आला म्हणून आपला खर्च आखडता घेतला, असे चालत नाही. एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्याची ही कला सर्व देशांतल्या कोषागारांना अवगत आहे. म्हणून ही अट.

अशा अनुदानातून शिक्षकासाठी खर्च कशावर होतो? कारखान्यातून आलेल्या माणसाला शिकविण्याची कला शिकविणारे वर्ग, आणि आधीच शिकवीत असलेल्याला सुट्टीत काही आठवडे पुन्हा कारखान्यात पाठविणे, हे दोन मोठे खर्च. अनेक राज्यांत धंद्यातला माणूस कामाच्या अनुभवावर तात्पुरत्या परवान्याने वर्गात येतो आणि शिकविण्याचे शिक्षण नोकरी करीत पुरे करतो. त्यात एक अडचण सनातन आहे. चांगल्या कारागिराला कारखाना अधिक पगार देतो. शिकलेला शिक्षक त्याहून लवकर उचलला जातो. लक्ष्मणराव किर्लोस्कर उद्योगात पडण्यापूर्वी मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखन शिकवीत असत, हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्यांच्या बाबतीत शिक्षकी पेशाचे नुकसान हाच महाराष्ट्राचा फायदा ठरला. पण तो अपवाद झाला. एरवी शिक्षक गेला म्हणजे त्याच्यावर केलेले अनुदान गेले आणि मुलांसमोरची जागा रिकामी राहिली, एवढेच.

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशात कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० साली सुरू झाली. पण निदेशक घडविण्याची संस्था तिच्याही आधी, १९४८ साली, बिलासपूरजवळ कोनी येथे निघाली होती. म्हणजे आधी विहीर, मग मोट हा क्रम आपणही त्या वेळी पाळला होता. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास, कानपूर, लुधियाना व हैदराबाद येथे अशा संस्था उभ्या राहिल्या. मुंबईची संस्था शीव-चुनाभट्टी भागात आहे. तिला आज राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था म्हणतात. तेथील निदेशकांचा मुख्य अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, आणि त्यात धंद्याबरोबर शिकविण्याची पद्धतीही शिकवितात.

घोटाळा झाला तो नंतर. आयटीआय वाढत गेल्या, सरकारीहून खाजगी अधिक झाल्या, आणि निदेशक घडविण्याच्या जागा त्या मानाने वाढल्या नाहीत. २००७ च्या सुमारास केंद्र सरकारने १,३९६ सरकारी आयटीआय सुधारण्यासाठी प्रत्येकी अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज देण्याची योजना आणली. पहिली दहा वर्षे परतफेड नाही, पुढे वीस वर्षांत फेड. कर्ज संस्थेच्या व्यवस्थापन समितीच्या हाती, आणि समितीच्या अध्यक्षस्थानी गावातला उद्योजक. कल्पना उत्तम होती. पण ज्याने आयुष्यभर यंत्रे विकत घेतली आहेत त्याच्या हाती अडीच कोटी दिले, तर तो आधी काय घेईल?

मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने याहून फार मोठी योजना मंजूर केली आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ‘पीएम-सेतू’ या नावाने तिचा आरंभ झाला. एकूण अंदाज ६०,००० कोटी रुपयांचा: केंद्राचे ३०,००० कोटी, राज्यांचे २०,००० कोटी, उद्योगांचे १०,००० कोटी. यातून १,००० सरकारी आयटीआय सुधारावयाच्या आहेत. त्यांत २०० मध्यवर्ती आणि ८०० त्यांना जोडलेल्या. भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर व लुधियाना येथील पाच राष्ट्रीय संस्थांची क्षमता वाढवावयाची आहे, आणि ५०,००० निदेशकांना नोकरीपूर्वीचे वा नोकरीतले प्रशिक्षण द्यावयाचे आहे. वृत्तपत्रांनी ६०,००० कोटींचा मथळा दिला. आम्हांला विचाराल तर या सर्व आकड्यांत पाहण्यासारखा आकडा ५०,००० हा आहे. त्या पाच संस्थांत महाराष्ट्रातली एकही नाही, हेही येथे नोंदवून ठेवतो. आपला निदेशक शिकावयास हैदराबादला जाणार असेल तर त्याच्या जाण्यायेण्याचा, राहण्याचा आणि घरच्या ओढाताणीचा विचार येथेच करावा लागेल.

या ठिकाणी एक अगदी किरकोळ वाटणारी बाब आहे, आणि आमच्या समजुतीने सारे घोडे तिथेच पेंड खाते. निदेशक शिकावयास गेला म्हणजे त्याच्या मागे कार्यशाळा कोण चालविणार? प्रशिक्षणाचे शुल्क व प्रवासखर्च एवढीच तरतूद धरली की प्राचार्य म्हणतो, ‘माणूस सोडता येत नाही, मुलांचे नुकसान होईल’. आणि त्याचे म्हणणे खरे असते. बदली निदेशकाचा पगार हा शिक्षणाचाच खर्च मानला पाहिजे. तो मानला नाही तर ज्या संस्थेत एका धंद्याला एकच निदेशक आहे, म्हणजे जिथे प्रशिक्षणाची गरज सर्वांत अधिक, तेथूनच कोणी जाणार नाही. जातील ते मोठ्या शहरातले, ज्यांच्याकडे माणसे जास्त आहेत. आणि जाणाऱ्यांची संख्या पुरी झाल्याचे कागदावर दिसेल.

या योजनांत उद्योगांना व स्थानिक समित्यांना जागा आहे. आणि त्या समित्यांवर बसणारी माणसे आपल्याच गावातली असतात. कारखानदार असतात, कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंते असतात. या सभागृहातल्या पुढच्या रांगांतही त्यांतले काही बसलेले असतात. समितीपुढे खर्चाचा तक्ता येईल तेव्हा त्यात इमारतीची ओळ असेल, यंत्रांची असेल, प्रशिक्षणाचीही असेल. बदली निदेशकाच्या पगाराची ओळ त्यात आहे की नाही, ते आधी पाहावे. आणि नसेल, तर गावातल्या कोणत्या कारखान्यातला मुरलेला फिटर सहा महिने आठवड्यातून तीन दिवस कार्यशाळेत उभा राहू शकेल, त्याला दिवसाचे किती द्यावे लागतील, आणि चार पायऱ्यांचा तो दहा तासांचा धडा त्याला आधी कोण देईल, याची चौकशी त्याच बैठकीत सुरू करता येते.